नायकाला कोंडीत पकडताना : शोकनायकाचं अंतर्द्वंद्व आणि निर्णय कसा लिहावा

माझ्या पहिल्या नाटकाच्या वाचनाला नायकाचं काम करणारा नट तिसऱ्या स्वगताच्या मध्येच थांबला. वही मिटून म्हणाला, "दुःख कळलं. पण या प्रवेशात मी करू काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा पानं माझा नायक नुसता तडफडत होता. खिडकीशी जायचा, परत यायचा, कपाळ धरायचा. ठरवत मात्र काहीच नव्हता. पुढे बऱ्याच वह्या फाडून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने मांडतोय. शोकांतिका पहिल्यांदाच लिहायला बसला असाल, मग ती एकांकिका असो की तीन अंकी, तर याचा उपयोग होईल.

सोयीसाठी एक कल्पित नायक शेवटपर्यंत सोबत ठेवू. हा एक दुभाषी आहे. दोन राज्यांत युद्ध पेटायच्या बेतात आहे आणि सीमेवरच्या तंबूत तहाची बोलणी चालू आहेत. एका बाजूचा सेनापती, दुसऱ्या राजाचा वकील, म्हणजे दूत, आणि मध्ये हा. तीस वर्षांत याने भाषांतर करताना एक शब्द पदरचा घातला नाही की एक गाळला नाही, असा त्याचा लौकिक. दोन्ही बाजू एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, पण याच्यावर दोघांचाही भरवसा आहे.

पायरी १ : आधी गुण लिहा

नवा लेखक वहीत नायकाच्या नावापुढे 'गर्विष्ठ', 'संशयी', 'महत्त्वाकांक्षी' असलं काहीतरी लिहितो आणि मग त्या दोषाची शिक्षा देत देत नाटक संपवतो. त्यातून नीतिकथा तयार होते. ॲरिस्टॉटलने शोकनायकाबद्दल वापरलेला 'हामार्तिया' हा शब्द 'नेम चुकणे' अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. माणूस बाण मारतो, चांगल्या हेतूने मारतो, पण तो भलतीकडे लागतो. परीक्षेच्या वह्यांत त्याचा 'स्वभावदोष' झाला आणि तिथून पुढे सगळे नायकांमधले दोष शोधत बसले.

शेक्सपिअरचा ब्रूटस बघा. सीझरला मारायचं ठरल्यावर कटातला साथीदार कॅसिअस म्हणतो, सीझरचा मित्र अँटनी, त्यालाही संपवू. ब्रूटस नको म्हणतो. आपण खाटीक नव्हे, हे त्याचं म्हणणं. पुढे अँटनीला प्रेतापाशी भाषण करू द्यायचं की नाही, यावरही कॅसिअस अडवतो आणि ब्रूटस परवानगी देतो. दोन्ही वेळा ब्रूटस जास्त सज्जनपणे वागतो आणि दोन्ही वेळा स्वतःचा घात करतो. त्याच्यातलं चांगलंच त्याला खड्ड्यात घालतं.

म्हणून वहीत एकच वाक्य पूर्ण करा : "माझा नायक काहीही झालं तरी ____ करत नाही." आमच्या दुभाष्याचं वाक्य झालं, 'शब्द बदलत नाही'. आता नाटकाला एकच काम उरतं : त्याला बरोबर तिथेच आणून उभं करायचं. सेनापती समोरच्या राजाचा अपमान करतो; जसाच्या तसा सांगितला तर युद्ध, मऊ केला तर शब्द बदलला.

पायरी २ : दोन्ही पारडी जड करा

चांगलं आणि वाईट यांतून निवडायला फारशी अक्कल लागत नाही. नायकाची झोप उडते ती दोन्ही बाजू खऱ्या असल्या की. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'त राजा क्रेऑनचा हुकूम आहे की शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत पुरायचं नाही. नुकतंच युद्धातून सावरलेलं राज्य आहे, फितुराला आणि रक्षणकर्त्याला एकच मान देता येत नाही, हे त्याचं म्हणणं वेडगळ नाही. अँटिगनीला मृत भावाला माती द्यायची आहे. तेही नाकारता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला हे नाटक इतकं भावलं ते याच कारणाने : इथे दोन हक्क समोरासमोर येतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

काही वेळा दोन्ही बाजू सारख्याच भयंकर असतात. इस्किलसच्या 'अगामेम्नॉन'मध्ये (इ. स. पू. ४५८) आरमार उलट्या वाऱ्यामुळे अडकलं आहे आणि देवीला राजाच्या मुलीचा बळी हवा आहे. आज्ञा मोडणं जड आणि लेकीला मारणंही जड, हे तो स्वतःच बोलून दाखवतो. यातलं कुठलं पारडं कमी वाईट? याचं उत्तर तुम्हाला पटकन देता आलं, तर कोंडी अजून कच्ची आहे असं समजा.

एक सराव सांगतो, कंटाळवाणा आहे पण करा. नायक जी बाजू सोडणार आहे, त्या बाजूची वकिली करणारं एक पान लिहा. प्रथमपुरुषी, कुठलीही थट्टा न करता. लिहिताना तुमचंच मत डळमळलं तर पारडं जड झालं. आमच्या दुभाष्याचं हे पान मी असं सुरू केलं : "आज मी एक शब्द मऊ केला, तर मागच्या तीस वर्षांतला माझा कुठलाच शब्द खरा राहत नाही. उद्या दोघांपैकी कोणी कोणावर विश्वास ठेवायचा?" हे लिहिल्यावर मला त्याने शब्द बदलूच नये असं वाटायला लागलं. बदलला नाही तर हजारो माणसं मरणार होती, तरीही.

पायरी ३ : पळवाटा बुजवा

ही पायरी लोक गाळतात आणि वाचनाच्या वेळी तोंडघशी पडतात. श्रोत्यांतला कोणीतरी शांतपणे विचारतो, "मग तो सरळ आजारी पडल्याचं सांगून निघून का जात नाही?" आणि तीन अंकांचा डोलारा खाली येतो.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे नायकाला सुटता येईल अशा सगळ्या वाटा लिहा, उजवीकडे प्रत्येकीला कुलूप. दुभाष्याच्या डाव्या बाजूला माझ्याकडे चार वाटा होत्या. दुसरा दुभाषी बोलवावा? दोन्ही बाजूंना दुसरा कोणी मान्य नाही. वेळ मागून घ्यावा? सूर्यास्ताच्या आत टेकडीवर मशाल दिसली नाही तर फौज निघणार, असं आधीच ठरलंय. सेनापतीची समजूत काढावी? दुभाष्याने स्वतःचं मत बोलायचं नाही, हीच त्याच्या कामाची अट. चौथी वाट मला सुचलीच नव्हती, ती एका मैत्रिणीने दाखवली : अपमान कुठल्याही भाषेत केला तरी आवाजावरून कळतो, मग समोरच्याला काय लपवणार? दोन दिवस अडकलो. मग सेनापतीला तेच वाक्य हसत हसत, पान जुळवताना बोलावं तसं सहज बोलायला लावलं. भोक बुजलं, शिवाय सेनापती आधीपेक्षा जास्त भीतिदायक झाला.

कुलपं लावताना योगायोग वापरू नका. नेमका त्याच वेळी पूल कोसळला, नेमकं पत्र हरवलं, असं केलंत की कोंडी नायकाची न राहता लेखकाची होते. चांगलं कुलूप माणसाच्या स्वभावातून नाहीतर त्याने पूर्वी दिलेल्या शब्दातून येतं.

पायरी ४ : मनातलं भांडण रंगमंचावर आणा

कादंबरीकाराला नायकाच्या डोक्यात शिरता येतं. नाटककाराकडे आहेत नट, जागा, वस्तू आणि समोरचा माणूस. आत जे चाललंय ते यांच्यापैकी कोणावर तरी लादावं लागतं. ही सगळ्यांत मोठी पायरी आहे, म्हणून जरा थांबू.

पहिला मार्ग म्हणजे दुसरं पात्र. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातला सातवा प्रवेश काढून नुसता हालचालींसाठी वाचा. राजा घरात पाहुणा आहे, आत जेवण चाललंय आणि यजमान पंगत सोडून बाहेर आलाय. एवढ्यावरच त्याच्या मनाची घालमेल कळते. तो एकटा कारणं मोजतो : राजा नात्यातला, आपण त्याचे सेवक, वर तो आपल्या घरी पाहुणा. मग बायको येते आणि तो सांगून टाकतो की राजाच्या खुनाचा बेत आता पुढे न्यायचा नाही. तिथून ती त्याच्या मर्दपणावर घसरते. आता नीट ऐका. थोड्याच वेळात त्याचा प्रश्न बदलतो. 'हे करावं का' मागे पडतं आणि 'आपण फसलो तर' पुढे येतं. मॅकबेथने होकार अजून दिलेला नाही, तरी निर्णय तिथेच झाला. आक्षेप नीतीवरून सोयीवर घसरला की माणूस हरलेला असतो. ही घसरण तुमच्या प्रवेशात कुठल्या वाक्याला होते, त्यावर पेन्सिलने खूण करा. ते वाक्य सापडत नसेल तर प्रवेश पुन्हा लिहायला घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे पायऱ्या चढवणं. भासाच्या नावावर असलेलं 'कर्णभार' हे इवलंसं संस्कृत नाटक यासाठी मला फार आवडतं. युद्धाला निघालेल्या कर्णाकडे इंद्र ब्राह्मणाच्या वेशात मोठी भिक्षा मागतो. कर्ण गाई देऊ करतो, नको. घोडे, नको. हत्ती, नको. सोनं, पृथ्वी, यज्ञाचं पुण्य, स्वतःचं मस्तकसुद्धा. प्रत्येक 'नको'बरोबर प्रेक्षक आतून आक्रसत जातो, कारण आता काय उरलंय ते त्याला ठाऊक आहे. शेवटी कर्णच कवचकुंडलांचं नाव काढतो. शल्य अडवतो, तरी देतो. कर्णाच्या मनात काय चाललंय याचं वर्णन इथे करावंच लागत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक : नायकाची एखादी सवय आधी नीट रुजवा आणि कसोटीच्या क्षणी मोडा. आमचा दुभाषी कधीच कोणाला वाक्य पुन्हा सांगायला लावत नाही. पहिल्या अंकात यावरून त्याची थट्टाही होते. आता हा प्रवेश :

सेनापती : (हसत) त्याला सांग, तुझ्या राजाच्या शब्दाला आमच्याकडे कुत्रंसुद्धा विचारत नाही.
दुभाषी : (थांबतो) पुन्हा सांगाल?
सेनापती : ऐकू नाही आलं?
दुभाषी : आलं.
सेनापती : मग?
वकील : (आपल्या भाषेत) काय म्हणाले ते?
(दुभाषी समोरचा पेला उचलतो. सगळं पाणी पितो. पेला होता तिथेच ठेवतो.)
दुभाषी : (वकिलाला) सेनापती म्हणतात, नुसत्या शब्दावर विसंबायचे दिवस राहिले नाहीत. राजे स्वतः आले, तर बोलणं पुढे जाईल.
(वकील पहिल्यांदाच मान हलवतो.)

यात दुभाष्याने आपल्या मनाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. 'पुन्हा सांगाल?' आणि पाण्याचा पेला, एवढ्यावर नटाला काम मिळालं. आणि शेवटचं वाक्य बघा. 'राजे स्वतः आले तर' हे सेनापती बोललाच नव्हता. शब्द मऊ करायला गेलेल्या माणसाने घाईत एक आमंत्रण जोडून दिलं. पुढची सगळी वाताहत या जास्तीच्या चार शब्दांतून येणार आहे.

पायरी ५ : स्वगत शेवटचं हत्यार म्हणून ठेवा

मी स्वगताच्या विरोधात नाही, पण आपल्याकडे टाळीची वाक्यं स्वगतात घालायची जुनी खोड आहे आणि ती मलाही होती. स्वगत ठेवायचं की नाही हे ठरवायला एकच कसोटी पुरते : सुरुवातीला नायक जिथे होता तिथेच शेवटी असेल तर काढून टाका. युरिपिडीसच्या 'मीडिआ'त (इ. स. पू. ४३१) मीडिआ नवऱ्यावर सूड उगवायला स्वतःच्या मुलांना मारायचं ठरवते, त्यांचे डोळे बघून बेत सोडते, शत्रू हसतील या विचाराने परत उचलते, पुन्हा विरघळते. मुलं समोर आहेत म्हणून ते भाषण हलतं राहतं.

उलट गंमत ब्रूटसची. बागेतलं त्याचं स्वगत निष्कर्षापासूनच सुरू होतं : सीझर मेलाच पाहिजे. कारणं नंतर येतात, तीही 'राजा झाला तर कदाचित बदलेल' अशी. स्वतःची समजूत घालणाऱ्या माणसाचा हा नमुना पाठ करून ठेवण्यासारखा आहे. तुमचा नायक स्वतःशी खोटं बोलतोय हे प्रेक्षकाला कळावं आणि त्याला कळू नये असं हवं असेल, तर त्याला आधी निकाल द्यायला लावा आणि मग पुरावे गोळा करायला पाठवा.

पायरी ६ : निर्णयाचा क्षण आखूड ठेवा

तयारी कितीही लांब असो, प्रत्यक्ष निर्णय दोन-तीन वाक्यांत उरकावा. सोफोक्लिसच्या ईडिपसला आपल्या जन्माचं सत्य कळायच्या उंबरठ्यावर त्याची राणी योकास्ता विनवते, चौकशी थांबव. तो ऐकत नाही. मग म्हातारा मेंढपाळ म्हणतो की आता भयंकर बोलण्याच्या काठावर आलोय मी; ईडिपस उत्तरतो की मीही ते ऐकण्याच्या काठावर आहे, पण ऐकायलाच हवं. बास, एवढंच. मागे फिरायची वाट उघडी होती आणि तो फिरला नाही. दैवाचं नाटक म्हणून 'ईडिपस'कडे बोट दाखवणाऱ्यांनी ही एक ओळ पुन्हा वाचावी.

शांतता कशी वापरावी, तेही इस्किलसकडून शिकण्यासारखं आहे. अगामेम्नॉनचा मुलगा ओरेस्टिस बापाच्या खुनाचा सूड घ्यायला येतो; सोबतीला मित्र पायलडीस, नाटकभर गप्प. आईवर शस्त्र उगारून ओरेस्टिस अडखळतो आणि मित्राला विचारतो, काय करू? पायलडीस तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, बोलतो. तीन ओळी. मुक्याला वाचा फुटावी तसा परिणाम होतो.

आणि एक. निर्णय मोठा असला तरी तो दिसायला मोठा असलाच पाहिजे असं नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकर आयुष्य उधळायचं ठरवत नाही. वकिलीची सनद निलंबित झाल्याचा अपमान विसरण्यापुरता एक पेला उचलतो. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर मुलांना सगळं वाटून टाकतात ते आनंदाच्या भरात. घडताना दोन्ही निर्णय हलकेच वाटतात. आमच्या दुभाष्याचं पाणी पिणं मी तिथूनच उचललं, हे कबूल करतो.

न ठरवणं हाही निर्णयच असतो. बापाचा खून करणारा काका क्लॉडियस प्रार्थना करत असताना त्याच्या मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा राहतो आणि म्यान करतो, की प्रार्थनेत मारला तर हा स्वर्गात जाईल. तो गेल्यावर क्लॉडियस कबूल करतो की आपली प्रार्थना वर पोचलीच नाही. पुढच्याच प्रवेशात हाच हॅम्लेट पडद्यामागे कोण आहे हे न बघता तलवार खुपसतो आणि दरबारातला म्हातारा पोलोनियस मरतो. थांबायचं तिथे घाई आणि मारायचं तिथे विचार. दोन प्रवेश असे पाठीला पाठ लावून ठेवायला हवेत.

पायरी ७ : निर्णयानंतर नायक बदललेला दाखवा

मॅकबेथ खून करून येतो तेव्हा त्याच्या हातात खंजीर आहेत. ते तिथेच, पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे होते. परत जायची हिंमत त्याच्यात नाही, बायको नेऊन ठेवते. थोर योद्धा एक साधं काम विसरलाय, यातून जे कळतं ते पश्चात्तापाच्या भाषणातून कळलं नसतं.

क्रेऑनचं तर मला दर वेळी वाईट वाटतं. अखेर तो वाकतो. वृंद, म्हणजे ग्रीक नाटकातला एकत्र बोलणारा समूह, त्याला सांगतो, आधी गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेताला माती दे. तो निघतो आणि क्रम उलटा करतो. आधी प्रेताचे संस्कार, मग गुहा. पोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मागोमाग त्याचा मुलगा जातो, मग राणी. चूक सुधारतानाही तो राज्यकर्त्यासारखाच वागला, विधी आधी आणि माणूस नंतर. स्वभाव शेवटपर्यंत सुटत नाही तो असा.

आपल्या नायकासाठी एवढंच ठरवा : निर्णयाच्या आधी जे सहज करायचा, त्यातलं आता काय जमत नाही? आमचा दुभाषी त्या संध्याकाळनंतर प्रत्येक वाक्य पुन्हा सांगायला लावतो. दुसऱ्या अंकात तीच गोष्ट विनोदी वाटते, तिसऱ्यात नाही.

पायरी ८ : उमज

आपण काय केलं हे नायकाला कळणं, ग्रीकांची 'अनाग्नोरिसिस'. इथे नव्या लेखकाला भाषणाचा मोह होतोच. त्याऐवजी नायकाला त्याचंच रोजचं काम करायला लावा. वकिलाचा राजा आमंत्रणावर भरवसा ठेवून मोजक्या माणसांनिशी आला आणि मारला गेला. साखळदंडातला वकील आता त्याच तंबूत उभा आहे, सेनापतीसमोर, आणि मध्ये दुभाषी.

वकील : (आपल्या भाषेत) विचार त्याला. आम्हाला बोलावलं कोणी?
सेनापती : काय म्हणतोय?

आता त्याला हे वाक्य नेमकं, एकही शब्द न बदलता सांगायचं आहे. आणि सेनापती जे उत्तर देईल तेही.

पायरी ९ : वाचन

मसुदा झाला की चार-पाच जणांना बोलवा. निर्णयाच्या ओळीच्या बरोबर आधी वाचन थांबवा आणि विचारा, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर पायरी दोनवर परत जा. "पण तो असं का नाही करत" असं कोणी म्हटलं तर तीनवर. लोक आपापसांत वाद घालायला लागले आणि पुढचं वाचायचंच राहून गेलं, तर त्यांना अडवू नका. कोपऱ्यात बसून ते काय बोलतात ते लिहून घ्या. दुसऱ्या अंकासाठी त्यातली दोन वाक्यं तरी नक्की लागतील.